दात उजळवण्याचं जेल घरी वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधीचा महिना आणि एप्रिल-मेची लग्नसराई या दोन वेळांना आमच्या दवाखान्याचा फोन जेलच्या पाकिटांच्या फोटोंनी भरून जातो. खाली एकच ओळ असते, "मॅडम, ह्यां चलात?" मी मालवणी मुलखात दातांची प्रॅक्टिस करते. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून इथे एकत्र लिहिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. जेलने दात खरंच पांढरे होतात, की वरून रंग बसतो?

खरंच उजळतात, पण जेलमध्ये चांगलं पेरॉक्साइड असेल तरच. हे रसायन दाताच्या वरच्या कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, आत झिरपतं आणि आतल्या पिवळसर थरात, डेंटिनमध्ये, साचलेले रंगाचे कण फोडतं. कण लहान झाले की रंग फिका दिसतो. दात खरवडला जात नाही.

जांभळ्या रंगाच्या टूथपेस्टचं काम वेगळं आहे. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात तसा तो प्रकार: पिवळेपणा काही तास झाकला जातो, दात होता तसाच राहतो. फोटोपुरती हौस असेल तर माझी हरकत नाही.

२. पाकिटावर कुठे १० टक्के, कुठे १६, कुठे ६ लिहिलंय. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं?

आधी आकड्याच्या पुढचं नाव वाचा. कार्बामाइड पेरॉक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून चालत नाही. १० टक्के कार्बामाइड तोंडात फुटलं की त्यातून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं. त्यामुळे "६ टक्के हायड्रोजन" हे "१० टक्के कार्बामाइड"पेक्षा बरंच तिखट असतं.

घरी वापरायला मी १० टक्के कार्बामाइडच देते. त्याचा इतिहासही गमतीचा आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या अर्कान्सासमधल्या, वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरांनी हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून रुग्णांना हे औषध दातांवर बसणाऱ्या साच्यात भरून रात्री लावायला दिलं. हिरड्या सुधारल्या आणि सोबत दातही उजळले. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोन दंतवैद्यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली, आणि आज जगभर तीच चालते. टक्केवारी वाढवली तर निकाल काही दिवस आधी दिसतो, शिवशिव मात्र जास्त होते. थोडं थांबलं तर शेवटचा रंग जवळपास सारखाच येतो.

युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं उत्पादन फक्त दंतवैद्यामार्फत मिळतं, तेही १८ वर्षांवरच्यांना. आपल्याकडे ऑनलाइन काहीही घरपोच येतं. ज्या पाकिटावर रसायनाचं नाव आणि टक्केवारी दोन्ही नाहीत, ते परत पाठवा.

३. आधी दवाखान्यात यायलाच हवं का? मला फक्त पांढरे करायचेत, दुखत काहीच नाही.

एकदा या. दुखत नसलेली कीडही कीडच असते, आणि तिच्या भोकातून जेल थेट नसेकडे जातं. मग रात्री दोन वाजता जी कळ येते, तिच्यावर मला फोनवरून काही करता येत नाही.

दुसरं असं, की आमच्याकडे "पिवळे दात" घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा रंग हा खरं तर कीटण आणि चहाचा थर असतो. तो मशीनने अर्ध्या तासात निघतो. नंतर आरसा हातात दिला की बरेच जण जेलचं नावही काढत नाहीत. कीटणावर जेल लावणं म्हणजे शेवाळ न खरवडता चिऱ्याच्या भिंतीला चुना मारणं.

४. पण लावायचं कसं नेमकं? पाकिटावर चार चित्रं आहेत, काही कळत नाही.

हे तुमच्या दातांच्या मापाने बनवलेल्या पातळ, पारदर्शक साच्यासाठी आहे. जेल लावलेल्या तयार पट्ट्यांसाठी आणि बाजारी ट्रेसाठी प्रश्न १२ पाहा.

रात्रीचं जेवण झालं की मऊ ब्रशने दात घासा आणि फटींतून दोरा फिरवा. साचा कोरडा करा. त्यात दातांचे खळगे दिसतील. प्रत्येक खळग्याच्या पुढच्या भिंतीवर, म्हणजे ओठाकडच्या बाजूला, जेलचा एक ठिपका द्यायचा. ठिपका केवढा, तर उकड्या तांदळाच्या एका दाण्याएवढा. हसताना दिसतात तेवढेच दात घ्यायचे, मागच्या दाढांना जेल वाया घालवू नका. साचा हलक्या हाताने बसवा. दाबलात तर जेल कडेने उसळून हिरडीवर येईल. आलंच, तर कोरड्या बोटाने किंवा कापसाने पुसून घ्या आणि दुसऱ्या दिवशी ठिपका लहान करा. पहिल्या रात्री प्रत्येकाचं जेल बाहेर येतं, लाजायचं कारण नाही.

वेळ जेलवर ठरतो. १० टक्के कार्बामाइड हळूहळू सुटत राहतं: दोन तासांनी निम्म्याहून जास्त शिल्लक असतं, दहा तासांनी जेमतेम दहावा भाग. म्हणून ते दोन-चार तास किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रात्रभर ठेवता येतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल पहिल्या अर्ध्या-एक तासातच आपलं काम उरकतं. ते तोंडात घेऊन झोपण्यात काही कमाई नाही, हिरड्या मात्र सोलवटतात.

काढल्यावर चूळ भरा, मऊ ब्रशने उरलेलं जेल काढा, साचा गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो वाकडा होतो. एका आजींनी भांड्यांबरोबर गरम पाण्यात टाकला होता, तो सुकवलेल्या बोंबलासारखा होऊन परत आला.

५. किती दिवसांत फरक दिसेल? २८ एप्रिलला लग्न आहे.

१० टक्के कार्बामाइडने रोज नेमाने केलं तर पहिल्या आठवड्यात फरक कळतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत काम होतं. पण तारखेच्या दोन आठवडे आधी थांबता येईल असं बघा. जेल चालू असताना दात कोरडे पडल्याने थोडे जास्तच पांढरे दिसतात, थांबल्यावर रंग किंचित उतरून स्थिर होतो. तुमचं उत्तर: मार्चच्या मध्यावर सुरू करा. तपासणी आणि सफाई त्याआधी.

सुरू करण्यापूर्वी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात एक फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि मग "काहीच झालं नाही" म्हणून डबल डोस सुरू होतो.

६. तिसऱ्या दिवसापासून दात आंबल्यासारखे झालेत. गार पाणी लागलं की सणक जाते. बंद करू?

दोन दिवस थांबा. अशी शिवशिव बऱ्याच जणांना होते, आणि जेल थांबवलं की काही दिवसांत आपोआप जाते. पुन्हा सुरू करताना एक दिवसाआड लावा, वेळ निम्मा करा. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली, "सेन्सिटिव्ह" म्हणून मिळणारी टूथपेस्ट सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून वापरली तर त्रास कमी होतो. तीच पेस्ट साच्यात भरून दहा-पंधरा मिनिटं लावली तरी आराम पडतो.

सगळ्या दातांना थोडी थोडी सणक असेल तर घाबरू नका. एकाच दातात, गरम प्यायल्यावर, ठणका बसून राहत असेल तर तो जेलचा दोष नव्हे. त्या दातात आधीच काहीतरी शिजत होतं. या.

७. हिरडीवर पांढरा चट्टा पडलाय, झोंबतंय. भाजलं का?

हो, हलकं भाजलं. जेल हिरडीवर राहिलं की कातडी पांढरी पडते. पाण्याने भरपूर चुळा भरा आणि जेल बंद ठेवा. घरगुती टक्केवारीच्या जेलचा चट्टा सहसा काही तासांत ते एक-दोन दिवसांत जातो. तोपर्यंत तिखट आणि लोणचं टाळा. फोड आला किंवा तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर दाखवा.

मला हे अनुभवाने माहीत आहे. शिकत असताना बहिणीच्या लग्नाच्या आदल्या रात्री मी साचा जेलने काठोकाठ भरला. दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला होते, म्हणजे सगळं कळतं असं वाटण्याचं वय. सकाळी वरची हिरडी खोबऱ्याच्या कातळीसारखी पांढरी. लग्नाच्या एकाही फोटोत माझे दात दिसत नाहीत.

८. जेल चालू असताना सोलकढी, चहा, माशाचं तिखलं सगळं बंद? मग जेवायचं काय?

"आठवडाभर फक्त पांढरं खा" हा धाक मला अतिरेकी वाटतो. रंगीत खाण्याने अंतिम निकालात फारसा फरक पडत नाही, असंच अभ्यासांतून दिसलं आहे. तरी जेल काढल्यावर दोन तास जपावं. रात्री लावत असाल तर सकाळी पेज, घावणे, आंबोळी, खोबऱ्याची चटणी, म्हणजे आपली न्याहारी तशीही गोरीच असते. कोरा चहा तेवढा पुढे ढकला.

सोलकढीबद्दल माझी काळजी रंगापेक्षा आंबटपणाची आहे. आमसुलाचा आगळ चांगलाच आम्लधर्मी असतो आणि आंबटाने इनॅमलचा वरचा थर तात्पुरता मऊ होतो. सोलकढी, कोकम सरबत, कैरीचं पन्हं प्यायल्यावर साधी चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश करू नका. त्यावर लगेच जेलही लावू नका. मे महिन्यात करवंदं, जांभळं खाणाऱ्यांनाही हेच. खा, पण दिवसभर चघळत बसू नका. रंगापेक्षा तो किती वेळ दातावर राहतो याने जास्त फरक पडतो.

९. आयेचे दात मशेरीन काळे झालेत. जेलान जातले काय?

वरचा काळा थर सफाईने जातो, जेलने नाही (प्रश्न ३). आत मुरलेला तपकिरी रंग जेलने काही प्रमाणात उतरतो. पण मशेरी चालू असेल तर मी जेल देत नाही. आठ दिवसांत रंग परत येतो, आणि मशेरीने हिरड्या खाली सरकून दातांची मुळं उघडी पडलेली असतात, त्यांना जेल लागलं की फार झोंबतं.

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला कोण विचारतं? "मशेरी नाही लावली तर पोट साफ होत नाही" असं सांगणाऱ्या बायका मला रोज भेटतात. ती निकोटीनची सवय आहे, त्यांच्यावर चिडून काही होत नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती क्रमांक मोफत आहे. आयेला घेऊन या, जेलसाठी नव्हे, गालाच्या आतली कातडी बघायला. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं यातलं काही असेल तर उद्याच या.

१०. पुढच्या दाताला कॅप आहे, बाजूच्यात सिमेंट भरलंय. तेही पांढरे होतील?

होणार नाहीत. कॅप, सिमेंट, व्हिनियर (दातावर पुढून चिकटवलेलं पातळ कवच) यांचा रंग जेलने बदलत नाही. शेजारचे दात उजळले की तीच कॅप जुनी आणि मळकी दिसायला लागते. म्हणून क्रम असा: आधी दात उजळवा, रंग स्थिर होऊ द्या, मग त्या रंगाला जुळवून कॅप किंवा सिमेंट बदला. मधे निदान दोन आठवडे जाऊ द्या, कारण पेरॉक्साइडनंतर लगेच भरलेलं सिमेंट दाताला नीट चिकटत नाही. कॅप बदलण्याचा खर्च हिशेबात धरूनच सुरुवात करा. हे आधी न सांगितल्यामुळे झालेली भांडणं मी ऐकली आहेत.

११. एकच दात काळा पडलाय, बाकी ठीक आहेत. त्यालाच जेल लावू?

आधी एक्स-रे. एकटा दात काळवंडतो तो बहुधा आतली नस मेल्यामुळे. लहानपणी सायकलवरून पडलेलं, क्रिकेटचा चेंडू लागलेला, आठवून बघा. रूट कॅनाल झालेलाही दात काळवंडतो. अशा दाताला मागच्या बाजूने आत औषध भरून दवाखान्यात उजळवावं लागतं. घरच्या जेलने वर्षभर घासलंत तरी तो रुसलेला तो रुसलेलाच.

१२. ऑनलाइन निळा लाईट आणि ट्रे असलेलं किट मिळतं. तुमच्या साच्यापेक्षा स्वस्त आहे.

निळ्या लाईटने घरच्या जेलचा टिकाऊ परिणाम वाढतो असं मला दिसलेलं नाही. लाईट आहे म्हणून पैसे जास्त देऊ नका. त्या किटमधला ट्रे सगळ्यांना एकच, म्हणजे कुणालाच नीट नाही. लाळ आत जाते, जेल बाहेर येतं, पुढे प्रश्न ७.

साचा परवडत नसेल तर टक्केवारी छापलेल्या चिकटपट्ट्या त्या ट्रेपेक्षा बऱ्या. पट्टी हिरडीपासून थोडी अलीकडे ठेवा आणि लिहिलेल्या वेळेला काढा. वेडेवाकडे दात असतील तर पट्टी खाचेत पोचत नाही आणि रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो.

१३. लिंबू-मीठ, कोळसा, राखुंडी, खाण्याचा सोडा? आमच्या आजीचे दात शेवटपर्यंत पांढरे होते.

आजी लिंबू चोळत नव्हती, साखरेचा चहा दिवसातून सहा वेळा पीत नव्हती आणि आंब्याच्या पानाने दात घासत होती. लिंबाने इनॅमल विरघळतं, मिठाने आणि कोळशाने घासलं जातं. इनॅमल एकदा गेलं की परत उगवत नाही, आणि खालचं डेंटिन पिवळं असल्याने दात आणखी पिवळे दिसतात. पांढरं करायला निघालेली माणसं अशी उलट्या दिशेला पोचतात.

केमिस्टकडची जखम धुण्याची हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली दातांना लावू नका. ती पाण्यासारखी पातळ असते, दातावर थांबतच नाही, सगळी हिरडीवर आणि घशात जाते.

१४. मुंबईहून भावाने जेल एसटीच्या पार्सलने पाठवलं. मे महिना आहे. खराब झालं असेल का?

उन्हात तापलेल्या डिकीत दिवस काढला असेल तर ताकद कमी झालेली असू शकते. पेरॉक्साइड उष्णतेने आपणच विघटित होतं. अपाय होणार नाही, पण उपायही होणार नाही. सिरिंज फुगली असेल किंवा जेल पाण्यासारखं झालं असेल तर टाकून द्या. घरी आल्यावर फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. पावसाळ्यात लाईट जाऊन चार-सहा तास फ्रिज बंद राहिला तर काही बिघडत नाही. टोपण घट्ट लावा, आणि सिरिंजवर मोठ्या अक्षरात लिहा. एका घरात ती केकवर नक्षी काढायची क्रीम समजून उघडली गेली होती.

१५. मुलीला पंधरावं लागलंय, तिला हवंय. आणि वहिनी गरोदर आहे, तिला चालेल?

दोघींनाही आत्ता नको. पंधराव्या वर्षी दातातली नस मोठी आणि पृष्ठभागाजवळ असते, दात फार शिवशिवतात. अठरापर्यंत थांबू दे. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे टाळायचं, कारण त्यात घाई करण्यासारखं काहीच नाही. गरोदर बाईने हिरड्यांतून रक्त येत असेल तर सफाईला मात्र यावं.

१६. लहानपणी औषधांमुळे दातांवर करडे पट्टे आलेत. दुसऱ्या एका मैत्रिणीच्या दातांवर पांढरे ठिपके आहेत. आम्हाला उपयोग होईल?

करडे-तपकिरी आडवे पट्टे बहुधा टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे असतात, आठ वर्षांच्या आत घेतलं तर दात घडतानाच ते आत बसतं. उपयोग होतो, पण दोन ते सहा महिने, कधी त्याहूनही जास्त रोज लावावं लागतं. हिरडीजवळचा पट्टा सगळ्यात हट्टी.

पांढऱ्या ठिपक्यांचं उलट आहे. पहिल्या काही दिवसांत ते जास्तच उठून दिसतात आणि मैत्रीण रडत फोन करेल. पुढे भोवतालचा दात उजळला की ठिपके त्यात मिसळायला लागतात. पूर्ण जात नाहीत, त्यासाठी वेगळे उपचार आहेत.

तोंड धुण्याच्या क्लोरहेक्सिडीनच्या औषधाने किंवा लोहाच्या पातळ औषधाने आलेला तपकिरी थर वरचा असतो. त्याला जेलची गरज नाही, प्रश्न ३.

१७. झोपेत जेल गिळलं गेलं तर?

साच्यातलं दाण्या-दाण्याएवढं जेल थोडं पोटात गेलं तर फार तर मळमळेल किंवा घसा खवखवेल. पाणी प्या. लहान मुलाने अख्खी सिरिंज तोंडात रिकामी केली तर गोष्ट वेगळी: तोंड धुवा, थोडं पाणी पाजा, उलटी करवू नका, आणि पाकीट हातात घेऊन सरळ रुग्णालयात जा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.

१८. पुन्हा कधी लावायचं? दर महिन्याला लावलं तर?

चहा, पान, तंबाखू यांवर ते ठरतं. बऱ्याच जणांचा रंग एक-दोन वर्षं चांगला राहतो. किंचित उतरला की त्याच साच्यात दोन-तीन रात्री लावलं की पुरतं, म्हणून साचा फेकू नका. दर महिन्याला लावायचं कारण मला तरी सुचत नाही.

१९. महिना झाला. पुढचे चार छान झाले, पण सुळे अजून पिवळेच. जेल खराब आहे का?

जेल ठीक आहे. सुळे जन्मतःच शेजाऱ्यांपेक्षा गडद असतात, त्यात डेंटिन जाड असतं. त्यांना पोचायला वेळ लागतो. पुढच्या चारांना जेल बंद करा आणि आठवडाभर फक्त सुळ्यांच्या खळग्यात ठिपका द्या. नंतरही किंचित फरक राहिला तर राहू दे. सगळे दात एकाच रंगाचे असले की बघणारा पहिलं हेच विचारतो, कवळी कुठे बनवलीत?